साखरेची काच

मित्रांनो, चालू न होणारी गाडी म्हणून माझं नाव झालं आहे. भयपटांची आवड असलेल्या कुणालाही विचारा. पडद्यावर एक मुलगी माझ्या आत बसून रडते आहे, पुन्हापुन्हा किल्ली फिरवते आहे, आणि मी ढिम्म उभी आहे. पण खरं सांगू का? मी त्या दिवशी बंद पडलेच नव्हते. सिनेमावाल्यांनी माझ्या बॅटरीची तार काढून ठेवली होती. मी एक जुनी, हिरवी, लांबलचक मोटार आहे आणि धडधाकट आहे. माझ्यावरचा हा आळ मी केव्हाच मनातून काढून टाकला. पण तसाच एक आळ एका माणसावर आला होता. तो मला विसरता येत नाही.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझा पहिला मालक बियाण्यांचा फिरता विक्रेता होता. माझ्या मागच्या भागात मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या रचून तो ओहायोभर हिंडायचा. शेतकऱ्यांच्या अंगणात आम्ही शिरलो की कुत्री भुंकायची आणि पोरं माझ्या पायरीवर चढायची. चांगले दिवस होते ते. पुढे त्याचे गुडघे गेले. त्याने मला विकायला काढलं आणि यंग्सटाउनच्या सिनेमावाल्यांनी मला स्वस्तात नेलं.

सिनेमावाले म्हणजे फार कुणी बडे लोक नव्हते. वीसेक माणसं, मागून आणलेला कॅमेरा, आणि नुकतीच बंद पडलेली एक पोलादाची गिरणी. त्या गिरणीतल्या भट्टीत जळून मेलेला कामगार हातोडा घेऊन परत येतो, अशी गोष्ट होती. सिनेमाचं नाव होतं ‘सातवी भट्टी’. दिग्दर्शक होता गॉर्डन प्रॅट. उंच, देखणा, बोलण्यात गोड. त्याचा शब्द सगळे झेलायचे.

आणि त्या सिनेमाची नायिका होती रॉझलिन हुडाक. सगळे तिला रॉझ म्हणत. तिचे वडील त्याच गिरणीत भट्टीवर होते, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले. रॉझ गावच्या रेडिओवर हवामान सांगायची. उद्या बर्फ पडणार, हे ती अशा आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला बर्फाची थंडी वाजू नये. मित्रांनो, त्या आवाजाबद्दल मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर तो कुणालाच ऐकायला मिळाला नाही.

सिनेमात लागणारं सामान तयार करायचं काम वेन्डेल लाहती याच्याकडे होतं. तो सरोवराकाठच्या ॲश्टब्युलाचा, फिनलंडहून आलेल्या घरातला. कमी बोलणारा, हाताने मात्र काहीही घडवणारा. रॉझ आणि वेन्डेल दुपारचं जेवण माझ्या आत बसून जेवत. वसंतात लग्न करायचं, असं त्यांचं माझ्याच पुढच्या सीटवर ठरलं.

सिनेमात फोडायची काच साखर उकळून ओततात. ती दिसते काचेसारखी, फुटते काचेसारखी, पण कापत नाही. माझ्या खिडकीसाठी वेन्डेलने तशी काच त्याच्या बहिणीच्या, एल्माच्या स्वयंपाकघरात तयार केली.

“एल्मा बोलत नाहीये माझ्याशी,” तो त्या दिवशी रॉझला सांगत होता. “तिची पातेली जळली.”

“किती?”

“सगळीच.”

रॉझ हसत सुटली. मग तो गंभीर झाला. “तुला भीती नाही ना वाटत? हातोडा तुझ्या तोंडाशी येणार आहे.”

“भीती कसली? काच तू बसवलीयेस. मी ती खाऊनसुद्धा दाखवीन.”

“खाऊ नकोस बाई. एकच आहे. दुसरी ओतायला एल्मा घरात घेणार नाही मला.”

ते दोघं उतरून कॉफी आणायला गेले. तेवढ्यात गॉर्डन प्रॅट गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला घेऊन माझ्याजवळ आला.

“ही काच काढ,” तो म्हणाला. “मूळची बसव.”

मिस्त्री गोंधळला. “साहेब, वेन्डेलला विचारलंत का?”

“सिनेमा मी करतोय की वेन्डेल?”

“तसं नाही. पण लागेल ना तिला.”

“तिचं ओरडणं ऐकलंस का तालमीत? हवामान सांगितल्यासारखी ओरडते. मला खरी किंकाळी पाहिजे. हातोडा कडेला बसेल, फार तर ओरखडा येईल. आणि हे बघ, हे तुझ्या-माझ्यात राहू दे.”

मिस्त्रीला दोन लहान मुलं होती आणि गावात काम उरलं नव्हतं. त्याने मान खाली घातली. साखरेची काच काढून गोणपाटात गुंडाळली आणि माझी स्वतःची काच पुन्हा मला बसवली. स्वतःची काच मी ओळखणार नाही का? पण मित्रांनो, आम्हा गाड्यांना हॉर्न असतो, वाचा नसते. आणि तो हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

त्यानंतर जे घडलं ते तुम्ही पडद्यावर पाहिलं असेल. रॉझने किल्ली फिरवली. हातोडा आला. काच आतल्या बाजूला फुटली आणि रॉझ किंचाळली. ती किंकाळी गिरणीच्या रिकाम्या छतापर्यंत गेली आणि तिथून परत आली. प्रॅटने कॅमेरा थांबवायला सांगितलं नाही. तिचा श्वास संपेपर्यंत तो थांबला, मग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. त्याचं पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रॉझ आपल्या हातांकडे बघत होती. हात लाल झाले होते. धावत आला तो एकटा वेन्डेल.

डाव्या डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिचा गाल फाटला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या आवारात प्रॅटने वेन्डेलला सगळ्यांसमोर उभं केलं. “हे तुझ्या हातून झालंच कसं?” तो इतक्या दुःखाने बोलला, की मलासुद्धा क्षणभर वाटलं, हा खरंच विचारतोय.

“मी काच बदलली होती,” वेन्डेल म्हणाला. “सकाळीच बदलली होती.”

“मग ती काय आपली आपण बदलली?”

वेन्डेलने सगळ्यांकडे पाहिलं. मिस्त्री माझ्या मागच्या चाकाशी बसून, घट्ट असलेले नट पुन्हा आवळत होता. पुढच्याच आठवड्यात तो बायकापोरांना घेऊन टेक्ससला निघून गेला.

सिनेमा संपल्यावर मला कुणी विचारेना. वेन्डेलने मला धुतलं, नवी काच बसवली, सीटवरचे डाग घासून काढले आणि मला रॉझच्या वडिलांच्या दारात नेऊन उभं केलं. रॉझ बाहेर आली. गालावर पट्टी होती.

“रॉझ, मी स्वतः बसवली होती गं ती काच,” तो म्हणाला.

“मग ही माझ्या गालात काय साखर शिरली?”

“हे कसं झालं ते मला कळत नाही. पण मी विसरलो नव्हतो.”

“नुसतं ‘माझं चुकलं’ म्हणाला असतास ना, तर मी तुझ्याशी याच चेहऱ्याने लग्न केलं असतं. पण तू खोटं बोलतोयस, वेन्डेल. अजून बोलतोयस.”

“मग काय करू? न केलेलं केलं म्हणू?”

मग तिने हात पुढे केला. “किल्ली दे आणि जा.”

त्याने किल्ली दिली. बसथांब्यापर्यंत तो चालत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याला आरशात पाहत राहिले.

‘सातवी भट्टी’ तुफान चालला. तो उघड्या मैदानातल्या चित्रपटगृहांत लागायचा, जिथे लोक आपापल्या गाडीत बसूनच सिनेमा बघतात. किंकाळी आली की मैदानातल्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत. वर्तमानपत्रांनी प्रॅटला डोक्यावर घेतलं. माणसाच्या आतली भीती बाहेर काढणारा दिग्दर्शक, असं त्याच्याबद्दल लिहून आलं. रॉझबद्दल लिहिलं, की ही मुलगी छान किंचाळते.

त्या एका वाक्यात तिचं पुढचं आयुष्य ठरलं. माझ्यात सामान भरून ती कॅलिफोर्नियाला गेली. तिथे तिला कामं मिळाली, नाही असं नाही. पहिली काही वर्षं ती तळघरात मेली, तळ्यात मेली, लग्नाच्या पोशाखात मेली. प्रेमाच्या सिनेमांसाठी ती चाचणी द्यायला जायची तेव्हा मी बाहेर उभी असायचे. थोड्याच वेळात ती परत यायची. दार लावून घ्यायची आणि आरशात गाल बघायची. एकदा ती मलाच म्हणाली, “व्रण दिसतो म्हणतात. जसं काही मला माहीतच नाही.” वय वाढलं तशी तिला चेटकिणीची कामं मिळू लागली. त्यासाठी मात्र व्रणाचं कौतुक व्हायचं. रंगवायचे कष्ट वाचले, असं म्हणत ते.

रोज तेच ओरडणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दिग्दर्शकाचं समाधान होईपर्यंत. घसा धरला की ती मधाचं गरम पाणी बाटलीत घेऊन माझ्यात बसायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की स्वरतंतूंना गाठी आल्या आहेत. गाठी कापल्या, पण आवाज गेला तो गेलाच. उरली ती एक खरखर.

गंमत बघा मित्रांनो. गंमत कसली, मला तर चीड येते. तिचा आवाज गेला, पण तिची ती किंकाळी फितीवर शाबूत होती. प्रॅटने ती विकली. मग ती दुसऱ्यांच्या सिनेमात वाजू लागली, जत्रेतल्या भुताच्या घरात वाजू लागली. एकदा आम्ही सिग्नलला थांबलो होतो आणि माझ्या रेडिओवर टायरच्या दुकानाची जाहिरात लागली. किमती ऐकून किंचाळाल, असं काहीतरी होतं. आणि मग तीच किंकाळी.

मागच्या सीटवर तिची मुलगी टेस बसली होती, सात-आठ वर्षांची. टेसचा बाप सिनेमात उंचावरून उड्या मारायचा. तसाच एक दिवस तो त्यांच्या संसारातूनही उडी मारून गेला होता.

“मॉम, ही तूच ना?” टेसने विचारलं.

“हो.”

“आत्ता करून दाखव ना तसं.”

रॉझने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. टेसला वाटलं आई खोडी काढते आहे, ती हसू लागली. रॉझने रेडिओ बंद केला. सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही तिथेच उभ्या होतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

कामं संपली तेव्हा ती टेसला घेऊन यंग्सटाउनला परतली. गालिच्यांच्या दुकानात कामाला लागली. गिऱ्हाइकाला फार बोलून पटवावं लागत नाही, गालिचा उलगडून दाखवला की पुरतं, म्हणून ते काम तिला जमलं. मला तिने वडिलांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. उंदरांनी माझ्या सीटचा कापूस काढून घरटी केली. माझ्या टायरांतली हवा गेली आणि मी हळूहळू जमिनीवर बसले. तिचा राग येत नव्हता मला. ती स्वतःच तशी बसली होती.

त्या दिवसांत वेन्डेल एकदा आला. केस पिकले होते. तिने दार उघडलं नाही. खिडकीचा पडदा हलला होता, तो त्यानेही पाहिला. मग शेडमध्ये येऊन त्याने माझी ताडपत्री वर केली. त्याने बसवलेल्या काचेवरून बोट फिरवलं, ताडपत्री नीट खोचली आणि गेला.

वर्षं गेली. जुन्या भयपटांचे शौकीन वाढले. पिट्सबर्गच्या एका सिनेमा-संग्रहालयाला माझा पत्ता लागला. ड्रेक नावाचा त्यांचा माणूस मला बघून गहिवरला. त्याने माझ्या सीट शिवून घेतल्या, इंजिन खोलून पुसलं, मला तोच जुना हिरवा रंग दिला. रॉझच्या घराचं छप्पर गळत होतं. तिच्या दारात तो रोज यायचा, पण छपराकडे त्याने कधी मान वर करून पाहिलं नाही.

‘सातवी भट्टी’ला चाळीस वर्षं झाली म्हणून उघड्या मैदानात मोठा सोहळा ठेवला. सोहळा झाला की मी संग्रहालयात जाणार होते. संध्याकाळी, ऊन असतानाच, मैदान गाड्यांनी भरलं. पडद्याखालच्या ओट्याशेजारी मी, आणि ओट्यावर दोन खुर्च्या. एकीवर गॉर्डन प्रॅट, थकलेला पण अजून देखणा. दुसरीवर रॉझ. टेस, आता मोठी बाई झालेली, माझ्याजवळ उभी होती.

कुणीतरी प्रॅटला विचारलं, की ती किंकाळी तुम्ही मिळवलीत कशी?

प्रॅट हसला. “आता म्हातारा झालोय, सांगून टाकतो. साखरेची काच बसवली होती. जेवायच्या सुट्टीत मी ती काढायला लावली आणि खरी बसवली. हिला पत्ताच नाही. अजून नव्हता, बघा तिच्या तोंडाकडे.”

मैदान हसलं. हॉर्न वाजले.

रॉझने ध्वनिक्षेपक ओढून घेतला. “परत सांग,” ती त्या खरखरीत आवाजात म्हणाली.

त्याने परत सांगितलं, आणखी रंगवून.

“म्हणजे वेन्डेलने बदलली होती.”

“कोण वेन्डेल?” प्रॅटने विचारलं.

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

रॉझ त्याच्याकडे बघत राहिली. “मी त्याला खोटारडा म्हणाले,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे. इस्पितळात तू माझा हात धरून बसला होतास, तरी सांगितलं नाहीस.”

“अगं रॉझी, किती जुनी गोष्ट. त्या एका किंकाळीने तुला अमर केलं, हे विसरू नकोस.”

गाड्यांमधून कुणीतरी ओरडलं, की एकदा होऊन जाऊ दे. ध्वनियंत्रावर बसलेल्या पोराला वाटलं आपली वेळ झाली. त्याने फीत लावली. तिची चाळीस वर्षांपूर्वीची किंकाळी मैदानभर घुमली आणि सगळे हॉर्न एकदम वाजू लागले. रॉझ त्या गोंगाटात काहीतरी बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

ती ओट्यावरून उतरली, माझ्यात बसली आणि टेसला म्हणाली, “बस.” ड्रेक धावत आला. “मॅडम, गाडी आमच्या—” एवढंच त्याला बोलता आलं. मी पहिल्याच फटक्यात चालू झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ॲश्टब्युलाला पोचलो. वेन्डेलला जाऊन दोन वर्षं झाली होती, हे रॉझला माहीत होतं. दार एल्माने उघडलं. खूप म्हातारी झाली होती, पण ताठ होती. तिने आधी मला पाहिलं, मग रॉझचा गाल पाहिला.

“त्याने काच बदलली होती,” रॉझ म्हणाली. “काल कळलं मला.”

“मला तेव्हाच माहीत होतं. पातेली माझी जळली होती.”

“मी त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.”

“हवा होता,” एल्मा म्हणाली. “आता येऊन काय उपयोग? शेवटी शेवटी तो काय म्हणायचा, ऐकायचंय? म्हणायचा, एल्मा, माझ्याच हातून राहून गेलं असेल गं. सगळे म्हणतात म्हणजे तसंच असेल. मी त्याला म्हणायचे, अरे वेड्या, माझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेलास ना ती काच? तर म्हणायचा, नेली असेन, बसवायची विसरलो असेन. न केलेली चूक कबूल करून गेला तो.”

रॉझ पायरीवर खाली बसली. एल्माने तिला आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही. बऱ्याच वेळाने ती आतून कॉफीचा एक कप घेऊन आली, तो पायरीवर ठेवला आणि आत गेली. टेस माझ्या दाराला टेकून रडत होती. कॉफी गार होऊन गेली.

मग मी संग्रहालयात आले. माझ्याशेजारच्या पाटीवर प्रॅटची ती युक्ती कौतुकाने लिहिली आहे. वेन्डेलचं नाव त्यात घाला, असं रॉझने पुन्हापुन्हा सांगितलं. ड्रेक म्हणायचा, “बघू, पाटीवर जागा नाही.” तेव्हा ती स्वतःच येऊ लागली. शाळेची मुलं आली की ती माझ्याजवळ उभी राहायची आणि त्या फाटक्या आवाजात सांगायची. मागच्या मुलांना ऐकू जायचं नाही. काही जणं हसायची. पुढे उभी असलेली एखादी मुलगी मात्र लक्ष देऊन ऐकायची. पहारेकऱ्याने रॉझला कधी हटकलं नाही. उलट त्याने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

गेल्या हिवाळ्यात ती यायची थांबली. नंतर एकदा टेस शोकाचे काळे कपडे घालून आली, खुर्चीवर थोडी बसली आणि गेली.

मला आता रोज मऊ फडक्याने पुसतात. ऊन लागू देत नाहीत, धूळ बसू देत नाहीत. मित्रांनो, पत्र्याची काळजी घेणं सोपं आहे. पत्रा काही बोलत नाही, त्याला काही दुखत नाही. एखादा माणूस सगळ्यांसमोर उभा राहून ‘मी हे केलं नाही’ म्हणत असेल, तेव्हा त्याचं ऐकून घ्या. कुणी किंचाळलं तर टाळ्या वाजवण्याआधी तिला लागलं आहे का, ते बघा. आणि इथून बाहेर पडल्यावर घरी कुणी विचारलं, आज काय पाहिलंत, तर माझ्या रंगाचं कौतुक सांगू नका. एवढंच सांगा, की वेन्डेल लाहतीने काच बदलली होती.